पेंडल्टन कायद्याने अमेरिकेतील नोकऱ्यांची वाटणी थांबली; मग पक्षांचा पैसा कोठून येऊ लागला?

वाचनकट्टा, सातारा :

नमस्कार. साताऱ्यातील आमच्या वाचनकट्ट्यावर दर महिन्याला एक विषय ठरवून त्यावर टिपण वाचले जाते आणि मग चर्चा होते. पुढच्या बैठकीचा विषय अमेरिकेतील एकोणिसाव्या शतकातील भ्रष्टाचार आणि प्रशासकीय सुधारणा असा ठरला असून टिपण लिहिण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. आतापर्यंत जे वाचनात आले त्यावरून एक सुटसुटीत कथा तयार होते, आणि ती इतकी सुटसुटीत आहे की तिच्यावर भरवसा ठेवायला मन धजत नाही.

ती कथा अशी. १८२९ मध्ये अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष झाले आणि निवडणूक जिंकणाऱ्या पक्षाने टपाल कचेरीतील कारकुनापासून बंदरावरील अधिकाऱ्यापर्यंतच्या जागा आपल्या कार्यकर्त्यांना वाटायच्या, हा रिवाज पक्का झाला. २ जुलै १८८१ रोजी चार्ल्स गिटो नावाच्या, सरकारी पद न मिळाल्याने चिडलेल्या माणसाने अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडल्या आणि १९ सप्टेंबरला गारफील्ड वारले. लोकक्षोभ उसळला, १६ जानेवारी १८८३ रोजी पेंडल्टन कायदा झाला, परीक्षा घेऊन नोकरभरती सुरू झाली आणि जुना रिवाज संपला.

मला यात काही गोष्टी जुळत नाहीत. लोकक्षोभ एवढा होता तर कायदा व्हायला दीड वर्ष का लागले? ज्या चेस्टर आर्थर यांनी कायद्यावर सही केली ते स्वतः याच रिवाजातून वर आलेले होते. मग त्यांनी सही का केली? आणि मला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न असा की, पक्ष चालवायला पैसा लागतोच. तो जर नोकऱ्यांच्या वाटणीतून येत होता, तर वाटणी थांबल्यावर तो कोठून आला? आमच्या कट्ट्यावरील एक ज्येष्ठ सदस्य नेहमी म्हणतात की तिकडे कायदा झाला की प्रश्न मिटतो, आपल्याकडे तेवढा मिटत नाही. त्यांचे म्हणणे मला खोडताही येत नाही आणि पटतही नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे. मतांपेक्षा घटना सांगितल्या तर टिपणाला उपयोग होईल.


प्रीतिसंगम, कराड :

कथा सुटसुटीत वाटते, कारण तिच्यातून न्यूयॉर्कचे कस्टम हाउस गळले आहे. ते परत आणून बसवले की आपले पहिले दोन प्रश्न बऱ्याच अंशी सुटतात.

त्या काळी अमेरिकेत आजच्यासारखा प्राप्तिकर नव्हता. केंद्र सरकारच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग आयातीवरील शुल्कातून येई आणि त्यातलाही मोठा हिस्सा एकट्या न्यूयॉर्क बंदरावर जमा होई. त्यामुळे तेथील कलेक्टरचे पद मंत्रिपदाच्या तोडीचे मानले जाई, आणि त्याच्या हाताखालच्या शेकडो जागा ही सत्ताधारी पक्षाची हुकमी फौज असे. निवडणूक जवळ आली की प्रत्येक कर्मचाऱ्याच्या पगारातून ठरावीक टक्के रक्कम पक्षाकडे जमा व्हायची. तिला ऐच्छिक वर्गणी म्हणत. पण जो ऐच्छिक वर्गणी देत नसे त्याची जागा पुढच्या यादीत राहत नसे. या पदावरचा अनुभव नवीन नव्हता. जॅक्सन यांनी नेमलेला सॅम्युएल स्वॉर्टवाउट हा कलेक्टर १८३८ मध्ये युरोपला निघून गेला तेव्हा हिशेबात बारा लाख डॉलरहून अधिक रकमेचा खड्डा सापडला होता.

१८७१ मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी या पदावर चेस्टर आर्थर यांना बसवले. त्यांचे खरे धनी म्हणजे न्यूयॉर्कचे सिनेटर रॉस्को काँक्लिंग. येथे एक तपशील मुद्दाम सांगतो, कारण त्यातून व्यवस्था कशी चालत होती ते दिसते. शुल्क चुकवल्याचा ठपका ठेवून एखाद्या व्यापाऱ्याकडून दंड वसूल झाला, की त्याचा काही हिस्सा कलेक्टर आणि त्याचे दोन वरिष्ठ सहकारी आपापसांत वाटून घेत, आणि हे कायदेशीर होते. फेल्प्स, डॉज या धातूंच्या आयातदार पेढीकडून सुमारे २ लाख ७१ हजार डॉलर वसूल करण्यात आले; प्रत्यक्षात बुडालेले शुल्क त्या मानाने अगदी किरकोळ, दोन हजार डॉलरहूनही कमी होते. आर्थर यांच्या वाट्याला त्यातून २१ हजारांहून अधिक डॉलर आले. अशा वाट्यांमुळे त्यांची वार्षिक कमाई देशाच्या अध्यक्षाच्या ५० हजार डॉलर वेतनाच्या बरोबरीला पोहोचली होती. व्यापाऱ्यांनी ओरड केल्यावर १८७४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, ही वाटणी बंद केली आणि कलेक्टरला १२ हजार डॉलरचे ठरावीक वेतन लावून दिले. आर्थर यांनी बेकायदा काही घेतले असे कोणी दाखवू शकले नाही. कायद्यानेच इतके दिले होते की बेकायदा घेण्याची गरजच नव्हती.

१८७७ मध्ये अध्यक्ष हेस यांनी या कचेरीची चौकशी लावली. जॉन जे यांच्या समितीने कर्मचाऱ्यांची संख्या सुमारे एक पंचमांशाने कमी करता येईल असे सांगितले आणि हेस यांनी पुढच्या वर्षी आर्थर यांना पदावरून काढले. म्हणजे सुधारणेचा झगडा गिटोच्या गोळीच्या चार वर्षे आधीच पेटलेला होता. १८८१ मध्ये गारफील्ड यांनी काँक्लिंग यांच्या विरोधकाला, विल्यम रॉबर्टसन यांना, त्याच कलेक्टरपदी नेमले तेव्हा काँक्लिंग यांनी रागाने सिनेटचा राजीनामा दिला. त्या काळी सिनेटर निवडणारे राज्याचे विधिमंडळ आपल्याला सन्मानाने परत निवडून देईल असा त्यांचा हिशेब होता. विधिमंडळाने तो चुकवला. हे नाट्य रंगात असतानाच गोळीबार झाला, आणि गिटोने स्वतःला काँक्लिंग यांच्या गटाचा म्हणवून घेतल्यामुळे सगळा संशयाचा धुरळा आर्थर यांच्या अंगावर आला. वास्तविक गिटोची राजकीय सेवा म्हणजे प्रचाराचे एक भाषण छापून वाटणे एवढीच होती, आणि त्या बळावर तो पॅरिसमध्ये वाणिज्यदूताचे पद मागत होता. आर्थर यांच्या मनात काय उलथापालथ झाली याचा अंदाज चरित्रकार बांधत राहोत. राजकीयदृष्ट्या त्यांना जुन्या मित्रांपासून अंतर राखणे भाग होते, एवढे नक्की.

आता दीड वर्षाचा उशीर. लोकक्षोभाने विधेयक मांडले गेले, पण रेटले गेले ते पराभवाने. नोव्हेंबर १८८२ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधीगृहातील बहुमत गमावले आणि १८८४ मध्ये अध्यक्षपदही जाणार अशी लक्षणे दिसू लागली. नवे सभागृह बसण्याआधी जुन्याच सभागृहाने डिसेंबर आणि जानेवारीत विधेयक घाईने संमत केले. सिनेटमध्ये ३८ विरुद्ध ५, प्रतिनिधीगृहात १५५ विरुद्ध ४७. विरोधक सत्तेवर आल्यास त्यांना आपली माणसे काढता येऊ नयेत, ही इच्छा त्या मतदानात उघड होती. विधेयक ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते ओहायोचे जॉर्ज पेंडल्टन मात्र डेमोक्रॅट होते, आणि मसुदा प्रामुख्याने डॉर्मन ईटन या वकिलाचा होता.

सुरुवातीला हा कायदा केंद्र सरकारच्या जेमतेम दहा टक्के जागांना लागू होता. पुढे व्याप्ती वाढली ती बरीचशी एका चमत्कारिक कारणाने. पद सोडणारा अध्यक्ष जाता जाता आणखी काही जागा कायद्याच्या कक्षेत टाकी, म्हणजे त्याने नेमलेल्यांना नव्या अध्यक्षाला हात लावता येत नसे. दोन्ही पक्षांनी हे आळीपाळीने केले आणि दर खेपेला परीक्षेच्या जागा वाढत गेल्या. शुद्ध हेतूची वाट पाहिली असती तर एवढी वाढ झाली असती असे मला वाटत नाही. पैशाच्या प्रश्नावर सवडीने स्वतंत्र लिहितो.


विश्रामबाग, सांगली :

प्राध्यापक महाशयांनी केंद्र सरकारची बाजू मांडली आहे. मी शहराच्या पातळीवरची मांडतो. मी सरकारी लेखापरीक्षणात नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे या विषयात मला कलमांपेक्षा देयके अधिक बोलकी वाटतात.

न्यूयॉर्कमध्ये सिटी हॉलच्या मागे काउंटी न्यायालयाची इमारत आहे. तिच्यासाठी मुळात अडीच लाख डॉलरची तरतूद झाली होती. १८७१ पर्यंत तिच्यावर एक कोटी डॉलरच्या वर रक्कम खर्ची पडली आणि तरी काम अपुरेच होते. १८६७ मध्ये अमेरिकेने रशियाकडून अलास्का घेतले ते ७२ लाख डॉलरला, यावरून प्रमाण लक्षात यावे. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जुलै १८७१ मध्ये खातेवहीतील नोंदीच छापायला सुरुवात केली, तेव्हा अँड्र्यू गार्वी नावाच्या गिलाव्याच्या कंत्राटदाराला दोन दिवसांच्या कामापोटी १,३३,१८७ डॉलर दिल्याचे लोकांनी वाचले. एका सुताराच्या नावावर महिनाभराच्या मजुरीचे ३,६०,७५१ डॉलर होते, आणि इमारत लोखंडाची व संगमरवराची, लाकूडकाम अगदी थोडे. हे सगळे ज्याच्या छत्राखाली चालले तो विल्यम ट्वीड, टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक पक्षाच्या स्थानिक संघटनेचा म्होरक्या.

आपल्याकडे बांधकामाचे देयक टेबलावर आले की पहिला प्रश्न असतो तो मोजमाप पुस्तिकेचा. मोजमाप कोणी घेतले, कोणत्या तारखेला घेतले, आणि घेणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या कोणी ते जागेवर जाऊन तपासले का. पुस्तिकेतील पान क्रमांक आणि देयकावरील पान क्रमांक जुळत नसेल तर आक्षेप लागतो. ट्वीडच्या न्यूयॉर्कमध्ये हा प्रश्न विचारणारा, त्याचे उत्तर देणारा आणि शेवटी पैसे अदा करणारा हे एकाच पंगतीला बसत होते. रिचर्ड कॉनोली हा शहराचा मुख्य लेखाधिकारी, ओकी हॉल हा महापौर, आणि काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाचा अध्यक्ष खुद्द ट्वीड. या तिघांचेच लेखा मंडळ नेमले गेले आणि ५ मे १८७० च्या एका बैठकीत त्यांनी सुमारे ६० लाख डॉलरच्या थकीत देयकांना मान्यता देऊन टाकली. कंत्राटदाराने देयक फुगवून द्यायचे, रक्कम उचलायची आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग टोळीकडे परत करायचा, असा ठरलेला दर होता.

येथे मला सर्वांत बोधक वाटते ती गोष्ट अशी की, ही मोकळीक ट्वीडला एका 'सुधारणे'ने दिली. तोपर्यंत शहरातील बराच कारभार राज्य सरकारने नेमलेल्या मंडळांकडे होता. १८७० च्या नव्या सनदेने तो शहराकडे परत आला. स्थानिक स्वराज्याच्या नावाने अनेक प्रतिष्ठित नागरिकांनीही तिचे स्वागत केले. आणि ती आल्बनी या राज्याच्या राजधानीतील विधिमंडळातून पार व्हावी म्हणून ट्वीडने आमदारांना पैसे चारल्याचे पुढे त्याच्याच जबानीत आले. अधिकार खाली आणले, पण हिशेब तपासणारा वेगळा ठेवला नाही.

टोळी फुटली कशी, तेही पाहण्यासारखे आहे. जानेवारी १८७१ मध्ये काउंटीचा लेखापाल जेम्स वॉटसन बर्फावरच्या घोडागाडीच्या अपघातात दगावला. सगळ्या वाटणीच्या नोंदी त्याच्या हातच्या. त्याच्या जागच्या उलथापालथीत नोंदींच्या नकला बाहेर पडल्या, आणि त्या वृत्तपत्रापर्यंत पोहोचवणारा जिमी ओब्रायन हा माजी शेरीफ काही साधुसंत नव्हता. त्याचे शहराकडचे येणे अडकले होते. थॉमस नॅस्टच्या व्यंगचित्रांचा उल्लेख सगळीकडे होतो आणि तो योग्यच आहे, परंतु ट्वीडला कायद्याच्या कचाट्यात आणले ते सॅम्युएल टिल्डन यांनी ब्रॉडवे बँकेच्या नोंदी काढून. कंत्राटदाराला कोणत्या तारखेला किती रक्कम अदा झाली आणि त्यातली किती लगोलग ट्वीडच्या खात्यात जमा झाली, याचा ताळा त्यांनी मांडला. ज्याने दोन वह्या समोरासमोर ठेवून रात्री काढल्या आहेत त्याला त्या कामाची किंमत कळेल.

आता आपल्या ज्येष्ठ सदस्यांसाठी एक घटना. ऑक्टोबर १८७१ च्या अखेरीस ट्वीडला अटक झाली, आणि त्यानंतर काही दिवसांनी झालेल्या निवडणुकीत त्याच्या मतदारांनी त्याला राज्याच्या सिनेटवर पुन्हा निवडून दिले. त्यांना काही माहीत नव्हते असे नाही. टाइम्सने आकडे जर्मन भाषेतही छापून वाटले होते. नव्याने बोटीतून उतरलेल्या आयरिश माणसाला काम, थंडीत कोळसा आणि नागरिकत्वाचे कागद टॅमनीकडूनच मिळत होते. १८७८ मध्ये ट्वीड तुरुंगात मेला. टॅमनी हॉल त्यानंतर अर्धे शतक टिकून राहिला.


तासगावकर :

काका, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. मी स्वतः स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आणि अभ्यासिकेत रोज हेच ऐकतो की परीक्षा कितीही द्या, वशिला शेवटी वशिलाच. प्रीतिसंगम सरांना माझा प्रश्न असा आहे की, ज्या परीक्षेने अमेरिकेत एवढा बदल केला ती कशा स्वरूपाची होती? आणि पेंडल्टन यांचे पुढे काय झाले? ज्या पक्षाच्या कार्यकर्त्यांची नोकरीची आशा त्यांनी घालवली त्यांनी त्यांना सुखाने राहू दिले काय?


खटाव_माण :

तासगावकर, परीक्षेबद्दल सर लिहितीलच. मी तिची दुसरी बाजू सांगते, कारण ती बहुतेक टिपणांत येत नाही.

परीक्षेची ही कल्पना ईटन यांनी इंग्लंडमधून उचलली. त्यांनी ब्रिटिश नोकरशाहीचा अभ्यास करून त्यावर १८८० मध्ये ग्रंथ लिहिला होता. आणि इंग्लंडने खुल्या स्पर्धा परीक्षेचा मोठा प्रयोग पहिल्यांदा केला तो आपल्या जिवावर. मेकॉलेंच्या समितीच्या शिफारशीनंतर १८५५ पासून हिंदुस्थानातील सनदी नोकरीसाठी लंडनमध्ये परीक्षा सुरू झाली. कागदावर ती सर्वांना खुली होती. लंडनला जाणे कोणाला परवडत होते हे सांगायला नको.

पेंडल्टन कायदा काँग्रेससमोर होता त्याच सुमारास, ऑक्टोबर १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. शेतकऱ्याच्या करातून उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि त्याच्या जोरावर सरकारी कचेऱ्या एकाच वर्गाच्या हाती जातात, हे त्यांचे म्हणणे होते. फुल्यांचे मूळ गाव आमच्या खटाव तालुक्यातील कटगुण, म्हणून मला हा दुवा विशेष जवळचा वाटतो. अमेरिकेने गुलामगिरी नष्ट केली म्हणून त्यांनी आपला १८७३ चा ग्रंथ तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला होता, हेही आपणास ठाऊक असेल.

त्या अमेरिकेत पुढे काय झाले? परीक्षेमुळे काही काळ कृष्णवर्णीयांना वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत प्रवेश मिळाला, कारण उत्तरपत्रिकेला रंग नसतो. १९१३ मध्ये वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले. त्यांच्या कारकिर्दीत टपाल आणि अर्थ खात्यांत वर्णभेदाने बसण्याच्या जागा वेगळ्या झाल्या, आणि १९१४ पासून नोकरीच्या अर्जासोबत छायाचित्र जोडणे सक्तीचे झाले. गुणानुक्रमातील पहिल्या तिघांतून कोणालाही निवडण्याची मुभा नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याला होतीच. छायाचित्राने त्याला फक्त कोणाला वगळायचे ते दाखवले. ही अट १९४० पर्यंत राहिली. विल्सन यांची ओळख सुधारणावादी म्हणूनच करून दिली जाते, याची नोंद टिपणात अवश्य घ्यावी. त्यांच्या कितीतरी आधी, १९०२ मध्ये, शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या होत्या.


मिरज_न्यायालय_रस्ता :

कायद्याच्या अंगाने एक भर घालते. "तिकडे कायदा झाला की प्रश्न मिटतो" या विधानाला टीपॉट डोम प्रकरण हे सर्वांत चांगले उत्तर आहे.

अध्यक्ष हार्डिंग यांच्या काळात गृहखात्याचे मंत्री होते आल्बर्ट फॉल. हे अमेरिकेचे गृहखाते पोलिसांचे नव्हे. सार्वजनिक जमिनी आणि खनिजे त्याच्याकडे असतात. आरमारासाठी राखून ठेवलेली तेलक्षेत्रे १९२१ मध्ये या खात्याकडे आली आणि १९२२ मध्ये फॉल यांनी वायोमिंगमधील टीपॉट डोम हे क्षेत्र हॅरी सिंक्लेअर यांना, तर कॅलिफोर्नियातील एल्क हिल्स एडवर्ड डोहेनी यांना, स्पर्धात्मक निविदा न मागवता दिले. त्याआधी डोहेनी यांचा मुलगा एका काळ्या बॅगेत एक लाख डॉलर रोख घेऊन फॉल यांच्याकडे आला होता. डोहेनी यांच्या म्हणण्यानुसार ते जुन्या मित्राला दिलेले हातउसने होते.

१९२९ मध्ये ज्यूरीने फॉल यांना ही रक्कम लाच म्हणून घेतल्याबद्दल दोषी ठरवले. पदावर असताना केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेले ते पहिले माजी मंत्री. १९३० मध्ये दुसऱ्या ज्यूरीने डोहेनी यांना तीच रक्कम लाच म्हणून दिल्याच्या आरोपातून निर्दोष सोडले. कायदा एकच, बॅग एकच, घेणारा दोषी आणि देणारा निर्दोष. तर्काला हे विचित्र वाटले तरी पुराव्याच्या कायद्यात अशक्य नाही, कारण घेणाऱ्याचा हेतू आणि देणाऱ्याचा हेतू हे दोन स्वतंत्र मुद्दे दोन वेगळ्या ज्यूरींपुढे सिद्ध करावे लागतात. व्यवहारात अर्थ एवढाच निघाला की धनवान पक्षकाराच्या हेतूवर ज्यूरीने अधिक विश्वास ठेवला.

तरीही या प्रकरणातून दोन टिकाऊ गोष्टी निघाल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये दोन्ही भाडेपट्टे रद्द केले, आणि त्याच वर्षी, महान्यायवाद्यांच्या कारभाराच्या चौकशीतून उद्भवलेल्या खटल्यात, कोणालाही साक्षीला बोलावण्याचा काँग्रेसचा अधिकार मान्य केला. अध्यक्ष निक्सन यांना भोवलेल्या १९७३ मधील वॉटरगेट चौकशीला याच अधिकाराचा पाया होता.

आणि ताजी गोष्ट हवी असेल तर जून २०२४ मधील निकाल पाहावा. इंडियानातील एका लहान शहराच्या माजी महापौराने, शहराने कचरागाड्या ज्यांच्याकडून घेतल्या त्या विक्रेत्यांकडून नंतर १३ हजार डॉलर स्वीकारले होते. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी म्हटले की संबंधित केंद्रीय कलम आधी ठरलेल्या लाचेला लागू आहे, काम झाल्यानंतर कृतज्ञतेने दिलेल्या रकमेला नाही. आपल्या १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाऱ्यालाही थेट गुन्हेगार ठरवले आहे. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करण्याची सवलत आहे. कागदावर आपला कायदा अनेक बाबतींत अधिक कडक आहे. खटले किती वर्षे चालतात, हा वेगळा विषय.


वाचनकट्टा, सातारा :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विश्रामबाग यांनी सांगितलेली लेखा मंडळाची बैठक आणि ताईंनी सांगितलेली छायाचित्राची अट या दोन्ही गोष्टी मला कोठेच आढळल्या नव्हत्या. पैशाबद्दलचा प्रश्न तेवढा राहिला आहे. प्रीतिसंगम सर, आपण लिहिणार होतात.


प्रीतिसंगम, कराड :

आधी परीक्षेचे उत्तर देतो. परीक्षा व्यवहारोपयोगी असावी असे कायद्यातच लिहिले होते, कारण ग्रीक आणि लॅटिन येणाऱ्यांनाच नोकऱ्या मिळतील अशी विरोधकांची मुख्य तक्रार होती. कारकुनाच्या जागेसाठी हस्ताक्षर, हिशेब, पत्रलेखन असे विषय असत. देखरेखीसाठी तीन सदस्यांचा आयोग नेमला गेला आणि त्यात एका पक्षाचे दोघांहून अधिक नसावेत अशी अट होती. अध्यक्षस्थानी आर्थर यांनी ईटन यांनाच बसवले.

आता पैसा. पेंडल्टन कायद्याच्या ज्या भागावर कमी लिहिले जाते तो भाग हा की, सरकारी कर्मचाऱ्याकडून पक्षवर्गणी उकळणे त्याने गुन्हा ठरवले आणि वर्गणी दिली नाही म्हणून नोकरीवरून काढण्यास मनाई केली. पक्षांची खात्रीची मिळकत त्यामुळे आटत गेली. ती जागा उद्योगपतींनी भरली. १८८८ मध्ये रिपब्लिकन पक्षासाठी जॉन वॉनामेकर या फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्याने व्यावसायिकांकडून निधी गोळा केला आणि निवडणुकीनंतर ते पोस्टमास्टर जनरल झाले. १८९६ मध्ये मार्क हॅना यांनी मॅकिन्ली यांच्या प्रचारासाठी या प्रकाराला शिस्त लावली: बँकांकडून त्यांच्या भांडवलाच्या पाव टक्का रक्कम मागण्यात आली, आणि एकट्या स्टँडर्ड ऑइलने अडीच लाख डॉलर दिले. टक्केवारी लावण्याची जुनी रीत तशीच राहिली. ती कारकुनाच्या पगारावरून बँकेच्या भांडवलावर गेली.

१९०५ मध्ये न्यूयॉर्कमधील विमा कंपन्यांच्या चौकशीत चार्ल्स एव्हन्स ह्यूज यांनी साक्षीदारांकडून वदवून घेतले की विमेदारांच्या हप्त्यांतून राजकीय देणग्या दिल्या जात होत्या, आणि त्यातून १९०७ चा टिलमन कायदा झाला. कंपन्यांना केंद्रीय निवडणुकीत देणगी देण्यास त्याने बंदी घातली. अंमलबजावणीसाठी मात्र कोणतीही यंत्रणा उभी केली नाही. स्वतंत्र निवडणूक निधी आयोग यायला वॉटरगेटनंतरचे १९७४ साल उजाडावे लागले, १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खर्चावरील मर्यादा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर काढून टाकल्या आणि २०१० मध्ये कंपन्यांच्या स्वतंत्र खर्चाचा मार्गही मोकळा केला. आपल्याकडे निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले ते मतदाराच्या माहितीच्या अधिकारावर. त्यामुळे दोन्ही देशांतील निकाल टिपणात शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

यावरून पेंडल्टन कायदा फसला असे मात्र मी म्हणणार नाही, आणि तासगावकरांनीही तसा अर्थ काढू नये. कारकुनाच्या पगारातून दर निवडणुकीला कापली जाणारी रक्कम थांबली, हा त्या कारकुनाच्या दृष्टीने संपूर्ण विजय होता. कायद्याने जे करायचे म्हटले ते केले. पक्षांनी त्याऐवजी पैसा कोठून आणावा याबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

राहिला पेंडल्टन यांचा प्रश्न. ओहायोतील त्यांच्याच पक्षाचे कार्यकर्ते त्यांच्यावर खवळलेले होते. त्या काळी सिनेटर थेट जनता निवडत नसे, राज्याचे विधिमंडळ निवडत असे, आणि १८८४ मध्ये डेमोक्रॅटिक आमदारांनी पेंडल्टन यांना डावलून हेन्री पेन यांना पाठवले. पेन यांचा मुलगा ऑलिव्हर हा स्टँडर्ड ऑइलचा खजिनदार होता, आणि आमदारांची मते पैशाने फिरवली गेल्याचा आरोप लगेचच झाला. ओहायोतून सिनेटकडे चौकशीची मागणी गेली. सिनेटने १८८६ मध्ये ती फेटाळली. आमदारांकरवी सिनेटर निवडण्याची पद्धत १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने बंद झाली. पेंडल्टन यांना अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी जर्मनीत राजदूत म्हणून पाठवले. ते पद परीक्षेच्या कक्षेत येत नव्हते.